निळ्या कागदातली चांदणी

४ ऑक्टोबर

चि. नाकू हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासून तुझे डोळे थकत असतील. नाक मात्र सुट्टीवर आहे, म्हणून त्याला कामाला लावायला हे पत्र.

काल नाताळच्या बाजाराच्या व्यवस्थापकीणबाई वही घेऊन आल्या होत्या. दिव्याखालचा कोपरा यंदाही आपलाच, पण त्यांची अट तुला माहीत आहे. प्रत्येक कारागिरानं दरवर्षी आपल्या हातची एक तरी नवी वस्तू आणायची. गेल्या वर्षी तू नव्हतीस. तेव्हा मी जुन्याच लवंग-संत्र्याच्या साबणाला हिरवी फीत बांधली आणि नवा म्हणून खपवला. यंदा बाईंनी खुर्चीत बसण्याआधीच सांगून टाकलं की फीत म्हणजे साबण नव्हे. नवं काही नसेल तर कोपरा कागदी कंदीलवाल्या नवरा-बायकोला जाईल. ते तीन वर्षं वाट बघताहेत. बाबांनी बावीस वर्षं राखलेली जागा माझ्या हातून गेली, तर मी आरशात तोंड कसं बघू?

गर्दी खेचायला मी एक युक्ती काढली आहे. साबणाच्या चांदणीच्या साच्यात बिस्किटं भाजायची! साचे कोरे आणलेत, तेव्हा नाक मुरडू नकोस. बाईंच्या लेखी बिस्किटं ही साबणवाल्याची वस्तू नाही, त्यामुळे ती अटीत धरत नाहीत. पण स्टॉलवर ठेवायला हरकत नाही म्हणाल्या, आणि जाताना दोन खाऊनही गेल्या. वृद्धाश्रमात दर नाताळला आपण बेचाळीस साबण देतो, त्यांच्यासोबत यंदा एकेक बिस्कीटही जाईल.

तर पत्रास कारण की, मला नवा सुगंध हवा. बाबा म्हणायचे, हात शिकवता येतात, नाक वरून घेऊन यावं लागतं. आपल्या घरात हात मी आणि नाक तू. मी माझ्या अकलेनं एक मिश्रण करून पाहिलं, तर आईला दात काढायला आल्यासारखं वाटलं. लवंग जास्त झाली असावी.

साबणाचा वीट आला म्हणून तू गेलीस, त्याला आता चौदा महिने झाले. ती खपली मी काढत नाही. फक्त एक सुगंध दे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत साबण ओतला, तर बाजारापर्यंत पाच आठवडे नीट मुरेल. आईला पत्र लिहायचा किती कंटाळा ते तुला ठाऊक आहेच, तिची खुशाली यातच समज.

लोभ आहे, तोही असाच मुरत राहो.
तुझी
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. साबणवाल्यांच्या घरची बिस्किटं खाणाऱ्या जनतेची मला मनापासून काळजी वाटते. तुझ्या ओव्हनची कीर्ती मी विसरलेले नाही. मागचा केक आपण कुलपासारखा दाराला लावू शकलो असतो.

इथे कॅलेंडरांचा हंगाम सुरू झालाय. पुढच्या वर्षाचे बारा महिने मी रोज चार वेळा वाचते. काल एका फेब्रुवारीला तीस दिवस दिलेले सापडले. मालक म्हणाले की मी नसते तर अख्ख्या गावाचा पगार लांबला असता. त्यामुळे सुगंधाचं डोक्यात घ्यायला खरंच सवड नाही, ताई. तूच करून बघ ना. लवंग निम्मी कर आणि धीर धर, जमेल. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून काहीतरी शिकली असशीलच.

रागावू नकोस. आईला गुडघ्याला तेल लावायला सांग.

प्रेम आहे ते ठेव, राग आला तर माझ्या नावे जमा कर.
तुझी
नाकू


१७ ऑक्टोबर

चि. नाकू हिस,
अनेक उ. आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून लवंग निम्मी केली. आता दंतवैद्य गेला, पण त्याच्या जागी कोण आलं ते मला कळत नाही. म्हणून सोबत पार्सल धाडते. निळ्या कागदात साबणाची चांदणी आहे. अजून कोवळी आहे, अंगाला लावू नकोस, नुसता वास घे आणि काय कमी, काय जास्त ते लिही. खाकी कागदात दोन बिस्किटं आहेत. पहिलाच घाणा असल्यामुळे पांढरीफटक राहिलीत, दिसायला अगदी साबणाची जुळी भावंडं. पण चव बरी आहे.

पार्सल आईनं बांधलंय, कारण माझे हात तेलात होते. गाठी कात्रीनेच सोडव, तिच्या गाठी दातांना ऐकत नाहीत.

नाकाला पाच मिनिटं दे, एवढंच मागणं. बाकी लोभ न मागताही देतेसच.
तुझी
ताई


२३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. गाठी सोडवता सोडवता माझी जेवणाची सुट्टी संपली.

निळ्या कागदातल्या साबणाचा वास घेतला. खूपच छान जमलाय गं! लवंग आता मागे उभी राहते आणि संत्रं पुढे येऊन नमस्कार करतं. शेवटी किंचित गोडसर दरवळ राहतो, तो मला फार आवडला. माझं ऐकशील तर असाच ठेव, काही बदलू नकोस. एकच सांगते, साबण जरा भुसभुशीत झालाय, कोपरा हात लावताच झडला. तेल कमी पडलं का बघ.

बिस्किटं मी घरमालकीणबाईंना द्यायची म्हणून ठेवली आहेत. भाडेकरूंकडून त्यांना गोड काही मिळत नाही अशी त्यांची तक्रार असते.

तुला नाक नाही असं आता कुणी म्हणायचं नाही. जीव लावतेस तो लावत राहा.
तुझी
नाकू


२८ ऑक्टोबर

नाकू,

आज आशीर्वाद नंतर. आधी हे वाच: निळ्या कागदात बिस्कीट होतं.

तुझं पत्र मी कौतुकानं आईला वाचून दाखवत होते. भुसभुशीत साबणापाशी आले आणि मला शंका आली. विचारलं, तर आई शांतपणे म्हणाली की हो, कागदांची अदलाबदल झाली खरी. निळ्यात एक बिस्कीट गेलं आणि खाकीत दुसऱ्या बिस्किटासोबत साबण. मैदा, लोणी आणि साखर, नाकू! त्यात लवंगही नाही आणि संत्रंही नाही. नमस्कार करायला पुढे आलं ते कोण?

म्हणजे तू ते नाकाशी नेलंसुद्धा नाहीस. पाच मिनिटं मागितली होती मी. तुला सवड नव्हती तर तसं लिहायचं. मनानं रचून, गोड गोड लिहून माझी समजूत कशाला घातलीस? मी परकी आहे का? तुझ्या शब्दावर मी परवा अख्खा घाणा ओतणार होते, आणि बाबांची जागा त्या घाण्यावर अवलंबून होती. मला फार वाईट वाटलं. तू गेलीस तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं.

आणि खाकी कागदातलं कुणालाही खायला देऊ नकोस.

आशीर्वाद आहेत. ते काही कुणाला थांबवता येत नाहीत.
ताई


१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. आदल्याच संध्याकाळी घरमालकीणबाईंनी चहाबरोबर खाकी कागदातली चांदणी खाल्ली. चांगला मोठा घास घेतला त्यांनी. तोंडाला फेस आला, तरी बाई मानी, थुंकल्या नाहीत. मोरीपर्यंत चालत गेल्या. परत येऊन म्हणाल्या की बिस्किटाचा वास स्वर्गातला आहे, पण भाजणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. मी हसले आणि मग खोलीत जाऊन दार लावून रडले. त्यांना चार हातांवरून वास आला होता, आणि माझ्या तर हातातच होती ती चांदणी.

ताई, मी ते बिस्कीट नाकाशी नेलं होतं. पाच मिनिटं नाही, चांगला अर्धा तास. मला काहीच आलं नाही. मला काहीच येत नाही. गेल्या वर्षीच्या त्या तापानंतर माझं नाक गेलं ते गेलंच. एका सकाळी कारखान्यात येऊन मी एकेक बाटली उघडली, आणि सगळ्या बाटल्यांत पाणी होतं. तू माझ्या पाठीशी उभी राहून साचे पुसत होतीस, गाणं गुणगुणत होतीस. मला सांगवेना. मग साबणाचा वीट आला म्हटलं आणि जिथे नाक लागत नाही असं काम शोधलं.

उन्हाळ्यात मी आले होते तेव्हा दूध करपलं, आठवतं? मी शेगडीच्या शेजारी बसून पुस्तक वाचत होते. तू मला पुस्तकातला किडा म्हणालीस आणि आईनं मुकाट्यानं पातेलं घासलं. मला तुम्ही दोघी धावत आलात तेव्हा कळलं. घर धुरानं भरलं होतं आणि मी पान उलटत होते.

डॉक्टर म्हणतात, येईल किंवा नाही येणार. रोज सकाळी वासाच्या चार बाटल्या हुंगायला सांगितल्यात. मी हुंगते. हजेरी लावते, पण वर्गात कुणी नसतं. बाबांनी मला नाक म्हटलं होतं. नाकच नसेल तर मी तुमच्या घरात कोण, हे मला कळेना, म्हणून लपवलं. तुला फसवलं याची लाज वाटते.

आता ठेवशील तो लोभ.
नाकू


५ नोव्हेंबर

माझ्या नाकू,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तू घरात कोण म्हणे! तू माझी धाकटी बहीण. एवढी शिकलीस आणि इतकं साधं विचारतेस?

पत्र वाचून मी आधी रडले, मग तुला मूर्ख म्हणाले, मग घरमालकीणबाईंचा मजकूर पुन्हा वाचला आणि हसले. आई तिन्ही वेळा तिथेच बसून मटार सोलत होती.

मीही एक कबूल करते, म्हणजे फिटंफाट. बाबांचं ते हात आणि नाक मला लहानपणापासून टोचायचं. हात शिकवता येतात म्हणजे मी कुणीही असते तरी चाललं असतं, असं वाटायचं. तू गेलीस तेव्हा दुःखाबरोबर एक दुष्ट विचारही आला की बघू आता नाकाशिवाय चालतं का. नाही चाललं. दंतवैद्य आला. पंधरा महिने तू एकटी हे घेऊन बसलीस आणि मी इथे फीत बांधून रुसले होते. मला माफ कर.

आता काम. दहा दिवस उरलेत. तुला वास येत नाही हे खरं, पण वास आठवत नाहीत का? तू सहा वर्षांची असताना डोळे मिटून कुठल्या काकूंनी कोणता साबण वापरलाय ते ओळखायचीस. ते सगळं गेलं कुठे? नाकात थोडंच साठवलं होतंस? बस आणि आठव. नाताळ कसा असायचा ते लिही, आणि थेंब सांग. वास घ्यायला मी आहे. जे येईल ते तुला शब्दांनी कळवीन.

लोभ करायला नाक लागत नाही.
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस कामावर चुका केल्या. एक ऑक्टोबर बत्तीस दिवसांचा जाऊ दिला होता, मालकांनी पकडला.

लवंग-संत्रं विसर, ते सगळेच करतात. मला आठवतं ते असं. चोवीस तारखेला बाजार उठल्यावर बाबा कारखान्यात बसून पुढच्या वर्षाची यादी लिहायचे. आधी चाकूनं पेन्सिल तासायचे, त्या लाकडाचा वास. आपण खाल्लेल्या संत्र्यांच्या साली ते शेगडीच्या कडेला वाळत ठेवायचे, त्यांतली एक नेहमी करपायची. आणि झोपायला जाताना आई मेणबत्ती फुंकायची, तिचा तो शेवटचा बारीक धूर. माझा नाताळ एवढाच.

देवदाराचं तेल नऊ भाग, संत्र्याच्या सालीचं चार. लवंग अजिबात नाही. आणि वरच्या फळीवर बाबांनी चुकून आणलेली धुराच्या वासाच्या तेलाची काळी बाटली आहे, जी तू दर वर्षी टाकून द्यायला निघतेस. त्यातला दर किलोला एक थेंब. दोन नको, दोन झाले तर घराला आग लागल्यासारखं वाटेल.

बरोबर आहे की नाही हे मला कळणारच नाही. तूच सांग, आणि खरं सांग. माझ्यासारखं लिहू नकोस.
नाकू


२६ डिसेंबर

चि. नाकू हिस,
अनेक उ. आशीर्वाद, आणि नाताळचे उशिराचे.

नोव्हेंबरात साबण ओतला तेव्हा मी फक्त ओतला एवढंच कळवलं. मुरल्याशिवाय शब्द द्यायचा नाही असं ठरवलं होतं. आता सविस्तर.

त्या दिवशी थेंब वाचून मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. धूर कुणी साबणात घालतं का? पण घातला. मिश्रण घट्ट होत होतं आणि मी साचे मांडत होते, तेवढ्यात आई लगबगीनं कारखान्यात आली. शेगडी बंद आहे ना ते बघितलं, मग पुन्हा वाकून बघितलं, आणि विचारलं की साली कुणी ठेवल्या. मी भांड्याकडे बोट दाखवलं. ती तिथेच स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी तुला खरं सांगायचं कबूल केलंय, तर खरं हे आहे.

बाजारात व्यवस्थापकीणबाईंनी तपासणीसाठी एक चांदणी उचलली. वहीत नोंद केली, पुढे निघाल्या, दोन स्टॉल ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती हातातच राहिलीय. परत आल्या, पण चांदणी परत केली नाही. कोपरा आपलाच राहिला. शेजारचे खेळणीवाले काका म्हणाले की हा वास त्यांच्या रंध्याखालून चोरलाय. मी म्हटलं, पेन्सिलीतून. चौथ्या दिवशी साबण संपला. बिस्किटं दुसऱ्याच दिवशी संपली होती, तेव्हा कुलूप वगैरे शब्द मागे घे. कंदीलवाल्यांना मी आपल्या मांडवाच्या बांबूला कंदील टांगू दिले. त्यांचे कंदील खपले आणि आपल्याला फुकट उजेड मिळाला.

वृद्धाश्रमाची बेचाळीस खोकी मात्र आधीच बाजूला काढली होती. तुझ्या घरमालकीणबाईंच्या स्मरणार्थ मी प्रत्येक पुडीवर मोठ्या अक्षरात ‘खायचं’ आणि ‘लावायचं’ असं लिहिलं. तरी एका आजोबांनी बिस्किटानं हात धुतले, फेस येत नाही म्हणून तक्रार केली, आणि मग राहिलेलं खाऊन टाकलं. कोपऱ्यातल्या एक आजी साबण मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या की त्यांचे यजमान सुतार होते. एवढंच.

तर आता ऐक. तुझ्या नाकाची वाट बघायची असेल तर आपण बघू. नाही आलं तरी चालेल. तू आठव, मी हुंगते. तू परत ये, नाकू. मला सुगंध हवा म्हणून नव्हे. कारखान्यात एकटीनं गुणगुणायला नको वाटतं, म्हणून.

लोभ असावा असं लिहितात. आहे हे माहीत असताना कशाला लिहायचं?
ताई


२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र छापखान्याच्या जिन्यात बसून वाचलं. यजमान सुतार असलेल्या आजींपाशी येऊन थांबले आणि घंटा झाली तरी उठले नाही.

मला यायचंय. पण भीती वाटते. शेगडीवर काही करपलं, तेल तापून धुरावलं, तर मला कळणार नाही. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर? उन्हाळ्यात नुसतं दूध होतं. दर वेळी दूधच असेल असं नाही. तुम्ही दोघी माझ्यावर नजर ठेवत बसाल, आणि मला ओझं व्हायचं नाही.

आईला विचार. तिला काय वाटतं ते मला कधीच कळत नाही.

लोभ आहेच. माझाही.
नाकू


७ जानेवारी

चि. नाकू,
आशीर्वाद.

ताईनं पत्र वाचून दाखवलं. मला लिहायचा कंटाळा, तरी लिहिते, कारण हे तिच्या हातून नको.

उन्हाळ्यात ते पातेलं घासताना मला कळलं होतं. तू धुरात बसून हसत होतीस. सहा वर्षांची असल्यापासून दूध करपायच्या आधी तुला कळायचं. विचारलं असतं तर तू टाळलं असतंस. म्हणून कागद मी मुद्दाम बदलले. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुझं दाबायलाही नव्हतं, म्हणून बिस्कीट पाठवलं. घरमालकीणबाईंची माफी माग माझ्या वतीनं. त्यांच्यासाठी खरी बिस्किटं सोबत धाडली आहेत, खाकी कागदात.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. ताई शेगडीजवळचं काम करील, तू थेंब मोज. ओझं वगैरे काही नसतं.

ये. दूध मी बघते.

आई